गोदामाचा अलार्म राऊटरला जोडताना

ऑक्टोबरात सोयाबीनची आवक सुरू झाली की वाशीम जिल्ह्यातल्या सहाही तालुक्यांत गोदामं भरू लागतात. वाशीम असो, रिसोड असो की कारंजा, गोदाम बाजार समितीचं असो, वखार महामंडळाचं असो की एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीचं, आत थप्पी लागलेला माल बहुतेक वेळा दुसऱ्याचा असतो. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. भाव पडलेला असताना शेतकरी माल विकत नाही. तो समितीच्या गोदामात ठेवतो, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज उचलतो आणि भाव सुधारण्याची वाट बघतो. तेवढे महिने त्या पोत्यांवर शेतकऱ्याचं पीक आणि समितीचा पैसा दोन्ही अवलंबून असतात. म्हणून गोदामांत, आणि तसंच पतसंस्थांत, सराफी दुकानांत, कृषी सेवा केंद्रांत, चोरीचा आणि आगीचा अलार्म बसवला जातो. पूर्वी हा अलार्म नुसता भोंगा वाजवायचा. आता त्याचं पॅनल इंटरनेटच्या राऊटरला जोडलेलं असतं आणि सूचना सचिवांच्या मोबाइलवर जाते. ही जोडणी कशी करून घ्यावी, हा या लेखाचा विषय.

जोडणी झाली की बहुतेक ठिकाणी एकच चाचणी होते. तंत्रज्ञ शटर उचलतो, सायरन वाजतो, मोबाइलवर सूचना येते आणि बिल मंजूर होतं. ही चाचणी खोटी नाही, पण तिच्यातून एवढंच कळतं की सगळं सुरळीत असताना अलार्म बोलतो. रात्री लाइट गेलेली असते, रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडलेली असते किंवा राऊटर अडकून बसलेला असतो, तेव्हा तो बोलत नाही. तो बोलत नाही हेही कुणाला कळत नाही, कारण शांत असलेलं पॅनल आणि बंद पडलेलं पॅनल मोबाइलवर सारखंच दिसतं. माझं म्हणणं असं की मांडणी याच्या उलट हवी. पॅनल, वायर, राऊटर, वीज यांतलं काहीही बंद पडलं तर ते बंद पडणं हीच सूचना ठरली पाहिजे. पुढची प्रत्येक सेटिंग याच कसोटीवर तपासायची आहे.

हे तत्त्व रेल्वेने दीडशे वर्षांपूर्वी पक्कं केलं. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये बंद ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं. दोन्ही रुळांतून मंद वीजप्रवाह सोडलेला असतो आणि त्या प्रवाहावर एक रिले उचललेला राहतो. गाडी आली की तिच्या चाकांतून प्रवाह जवळच्या वाटेने फिरतो, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. यातली खरी करामत पुढे आहे. रूळ तुटला, तार सुटली किंवा बॅटरी उतरली तरी रिले पडतोच आणि सिग्नल लालच होतो. बिघाड झाला तर गाडी उगाच थांबेल, पण धोका असताना पुढे जाणार नाही. रॉबिन्सन यांची आधीची रचना उलटी होती: गाडी आल्यावर सर्किट पूर्ण व्हायचं. तिच्यात तार तुटली की सिग्नल कायम ‘रस्ता मोकळा’ दाखवत राही. आपल्याकडे बसवले जाणारे बरेच अलार्म आजही त्या जुन्या, टाकून दिलेल्या रचनेवर चालतात, म्हणून हा इतिहास सांगावा लागतो.

आता वायरिंगकडे. शटरवरचा मॅग्नेटिक कॉन्टॅक्ट ‘नॉर्मली क्लोज्ड’ पद्धतीने जोडलेला हवा. शटर खाली असताना सर्किट पूर्ण, उचललं की तुटलं. मग कुणी वायर कापली तरी पॅनलला शटर उघडल्यासारखंच दिसतं. पण माहितगार चोर वायर कापत नाही. तो दोन तारा सोलून एकमेकींना जोडतो. सर्किट पूर्णच राहतं आणि शटर उघडलं तरी पॅनलला पत्ता लागत नाही. यावरचा उपाय काही रुपयांचा आहे, तो म्हणजे लाइनच्या टोकाला बसवायचा रेझिस्टर, ज्याला तंत्रज्ञ ‘एंड ऑफ लाइन’ म्हणतात. किती ओहमचा घ्यायचा हे पॅनलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, कुठे २.२ किलोओहम, कुठे ४.७, कुठे १०. पॅनलमध्ये सोय असेल तर दोन रेझिस्टरची पद्धत घ्या: एक लाइनमध्ये, दुसरा कॉन्टॅक्टला समांतर. दोन्ही ४.७ किलोओहमचे धरले तर शटर बंद असताना ४.७, उघडल्यावर ९.४, तारा जोडल्या तर शून्य आणि कापल्या तर अनंत, अशा चार अवस्था पॅनलला वेगवेगळ्या ओळखता येतात. चोरी आणि छेडछाड यांतला फरक त्याला कळतो.

हे झालंय की नाही ते तुम्हाला स्वतः तपासता येतं. तंत्रज्ञाला पॅनल बंद करून एका झोनच्या, म्हणजे पॅनलला येणाऱ्या सेन्सरच्या एका लाइनच्या, दोन्ही तारा टर्मिनलमधून सोडवायला सांगा आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून त्या तारांना लावा. शटर खाली असताना रेझिस्टरच्या किमतीइतका, वरच्या उदाहरणात ४.७ च्या आसपास, आकडा दिसला तर काम बरोबर आहे. आकडा शून्याजवळ असेल तर पॅनलच्या पेटीत डोकावून बघा. रेझिस्टर बहुधा तिथेच, टर्मिनलच्या स्क्रूखाली पिळून लावलेला सापडेल. वर चढून सेन्सरच्या डबीत तो बसवण्याचा त्रास वाचवलेला असतो. असा रेझिस्टर स्क्रूपासून स्क्रूपर्यंतच्या दोन इंचांवर लक्ष ठेवतो. पुढची शंभर फूट वायर बेवारस राहते. तो सेन्सरच्या टोकाला गेल्याशिवाय काम पूर्ण झालं असं मानू नका, आणि उरलेले पैसेही तोवर देऊ नका.

गोदामाचे काही त्रास दुकानाला किंवा पतसंस्थेला नसतात. धान्याला कीड लागू नये म्हणून गोदामात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांनी धुरीकरण होतं. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू माणसाला जीवघेणा आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण तो तांबं, पितळ, चांदी आणि सोन्याचा मुलामाही खातो, आणि हवेत ओल असेल तर जास्त खातो, हे अलार्म बसवताना कुणी विचारात घेत नाही. राऊटरच्या आतली पट्टी, स्विचचे पिन, सेन्सरचे कॉन्टॅक्ट हे सगळं याच धातूंचं असतं. म्हणून राऊटर, पॅनल आणि बॅटरी गोदामात ठेवू नका, बाजूच्या ऑफिसात ठेवा. आत सेन्सर आणि वायर एवढंच असावं, आणि जोड उघडे नसावेत. प्रत्येक धुरीकरणानंतर सगळ्या झोनचं ओहममधलं वाचन वहीत लिहून ठेवा. मोजमाप ऑफिसातल्या पॅनलवरूनच होतं, आत जावं लागत नाही. आणि गॅस पूर्ण निघून गेल्याशिवाय आत जाऊही नये. एखाद्या झोनचं वाचन दरवेळी थोडं थोडं वाढत असेल तर तिथला जोड गंजतोय. वहीत नोंद असेल तरच ही गोष्ट आधी कळते. नसेल तर ऐन वेळी कळते. उंदरांसाठी वायर पाइपातून न्या. ऑफिस आणि गोदाम यांत मोकळं मैदान असेल तर दोन्हींमधली नेटवर्कची वायर तांब्याची न घेता फायबरची घ्या, कारण फायबरमधून विजेचा लोळ येत नाही. मृगाच्या आधीच्या आणि परतीच्या पावसातल्या विजा विदर्भाला नवीन नाहीत.

आता राऊटर. पॅनल राऊटरला वायफायने न जोडता वायरने जोडा. ऑफिसात कुणी वायफायचा पासवर्ड बदलला की वायफायवरचं पॅनल कुणाला न सांगता बाहेर पडतं. मग पत्त्याचा प्रश्न येतो. राऊटर प्रत्येक उपकरणाला काही काळापुरता आयपी पत्ता देतो आणि तो बदलू शकतो. काही तंत्रज्ञ पॅनलमध्ये हाताने एक पत्ता भरून टाकतात. तोच पत्ता पुढे राऊटरने एखाद्या कर्मचाऱ्याच्या मोबाइलला दिला की दोघांची टक्कर होते आणि पॅनल कधी दिसतं, कधी दिसत नाही. योग्य वाट अशी की राऊटरच्या डीएचसीपी विभागात जाऊन पॅनलचा मॅक पत्ता नोंदवायचा आणि त्याच्यासाठी एक आयपी राखून ठेवायचा. राऊटरमध्ये सोय असेल तर पॅनल आणि कॅमेरे वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे त्याच राऊटरमधल्या वेगळ्या केलेल्या नेटवर्कवर टाका, म्हणजे ऑफिसातल्या संगणकात व्हायरस शिरला तरी तो पॅनलपर्यंत पोहोचणार नाही.

त्यानंतर दिशा ठरवायची. बाहेरून मोबाइलने पॅनल बघता यावं म्हणून राऊटरवर पोर्ट फॉरवर्डिंग करून द्यायची पद्धत अजून चालू आहे. ती दोन कारणांनी सोडा. एक, बऱ्याच ब्रॉडबँड कंपन्या अनेक ग्राहकांमागे एकच सार्वजनिक पत्ता वापरतात, तिथे हे चालतच नाही. राऊटरच्या वॅन पानावर १००.६४ ते १००.१२७ यांपैकी आकड्याने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजा की तुमचं कनेक्शन असंच सामायिक आहे. दोन, जिथे चालतं तिथे ते दार सगळ्या जगाला उघडं असतं. पॅनलने स्वतः बाहेरच्या सर्व्हरशी संपर्क साधायचा आणि तो टिकवायचा, ही दिशा बरोबर. त्यासाठी पॅनलने ठरावीक अंतराने ‘मी चालू आहे’ एवढाच छोटा निरोप पाठवत राहायला हवं. याला हार्टबीट म्हणतात, आणि माझ्या मते संपूर्ण जोडणीतली सर्वांत महत्त्वाची सेटिंग हीच. रात्रीचा गुरखा चोर दिसला तरच शिट्टी फुंकत नाही. तो फेरी मारताना फुंकत जातो, आणि शिट्टी आली नाही की जागे असलेले कान टवकारतात. तसंच इथे निरोप न येणं हाच निरोप.

अंतर किती ठेवायचं? राऊटर बाहेर गेलेला प्रत्येक संपर्क आपल्या तक्त्यात काही वेळच लक्षात ठेवतो. यूडीपीच्या संपर्काची नोंद दोन मिनिटांच्या आत पुसू नये असा संकेत आहे, पण काही स्वस्त राऊटर ती त्याआधीच पुसतात. म्हणून ३० सेकंदांचं अंतर सुरक्षित, ६० सेकंदांचं चालण्याजोगं. सलग तीन निरोप चुकले की सर्व्हरने तक्रार करावी. डेटा संपेल ही भीती निराधार आहे. एका निरोपाला येऊन-जाऊन २०० बाइट धरले तरी दिवसाच्या २,८८० निरोपांना एक एमबीसुद्धा लागत नाही. मात्र निरोप मोजणारा इमारतीच्या बाहेर असला पाहिजे. लाइट गेल्यावर जो पॅनलबरोबरच बंद पडतो तो मोजणार काय? बऱ्याच पॅनलमध्ये रोज एकदा जाणारा चाचणी निरोप चालू असतो, अलार्मच्या निरोपांना क्रमांक देणाऱ्या कॉन्टॅक्ट आयडी पद्धतीत त्याचा क्रमांक ६०२. तेवढ्यावर थांबलात तर पॅनल चोवीस तास मेलेलं राहिलं तरी कुणाला कळणार नाही. ॲपमधली ‘डिव्हाइस ऑफलाइन’ची सूचना चालू आहे का ते शोधून बघा. ती सोयच नसलेलं पॅनल कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

बँकेची शाखा, डेटा खोली किंवा टॉवरची खोली असेल तिथे औद्योगिक राऊटरलाच ड्राय कॉन्टॅक्टचे इनपुट असतात: मेन्स गेली, दार उघडलं, तापमान चढलं, डिझेल उतरलं. तिथेही इनपुट नॉर्मली क्लोज्डच ठेवा आणि प्रत्येकाला ओळखता येईल असं नाव द्या. राऊटर ही खबर बहुधा एसएनएमपी या नेटवर्क देखरेखीच्या पद्धतीतल्या ‘ट्रॅप’ निरोपाने पाठवतो. ट्रॅप पोहोचल्याची पावती परत येत नाही. वाटेत हरवला तर हरवला. म्हणून पावती मागणारा ‘इन्फॉर्म’ प्रकार निवडा, शिवाय नियंत्रण केंद्राकडून दर मिनिटाला राऊटरची विचारपूसही चालू ठेवा. ‘पब्लिक’ हा मुळातला कम्युनिटी शब्द काढून तिसऱ्या आवृत्तीचं एसएनएमपी वापरा.

विजेच्या बाबतीत सर्रास होणारी चूक अशी की पॅनलला बॅटरी असते, पण फायबरच्या डब्याला आणि राऊटरला नसते. लाइट जाताच पॅनल जिवंत आणि त्याची वाट बंद. डबा, राऊटर आणि मधला स्विच या तिघांचा मिळून भार साधारण २० वॅट धरा. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर ८४ वॅट-तास देते, म्हणजे चार तास. नवी असताना प्रत्यक्षात तीन, दोन उन्हाळे गेल्यावर त्याहून कमी. महावितरणची लाइट तुमच्या फीडरवर एका दमात किती वेळ जाते ते आठवून त्याच्या दुप्पट क्षमता घ्या. ऑफिसातल्या इन्व्हर्टरवर जोडणार असाल तर मागचं बटण यूपीएस मोडवर हवं. साध्या मोडमध्ये बदलाच्या क्षणी राऊटर रीस्टार्ट होऊ शकतो. पण यूपीएस मोडमध्ये व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. ज्या भागात कृषिपंप सुरू झाले की व्होल्टेज डाऊन होतं, तिथे बॅटरी लाइट न जाताच उतरेल. अशा ठिकाणी राऊटरसाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस वेगळा लावलेला बरा.

दुसरी वाट मोबाइल सिमची. सिम फायबरवाल्या कंपनीचं नसावं, कारण केबल तुटली की त्याच कंपनीचा जवळचा टॉवरही बंद पडण्याची शक्यता असते. पॅनलमधला मॉड्यूल टूजी असेल तर त्यात जिओचं सिम चालणार नाही, जिओकडे टूजी नाहीच. आणि सिमची वैधता कधी संपते ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. या वाटेवरही तसाच हार्टबीट ठेवा, नाहीतर तिचीही अवस्था गरज पडेल तेव्हाच कळेल.

यावर सर्वांत मोठा आक्षेप व्यवहारातला आहे, आणि तो खरा आहे. नेट दिवसातून चार वेळा जातं. प्रत्येक वेळी फोन वाजू लागला तर आठवड्यात लोक ॲप म्यूट करतील, आणि म्यूट केलेला अलार्म नसलेल्या अलार्मपेक्षा वाईट. पण यावरचा उपाय पाळत सैल करणं हा नव्हे. सूचनांची प्रतवारी लावा. फायबर गेली आणि सिमची वाट चालू आहे, तर तो नुसता संदेश, सकाळी बघितला तरी चालेल. कॉन्टॅक्ट आयडीतले लाइट गेल्याचा ३०१ आणि बॅटरी उतरल्याचा ३०२ हे निरोप वेगळे ओळखा; पहिल्यावर चौकीदाराला संदेश, दुसऱ्यावर व्यवस्थापकाला फोन. दोन्ही वाटा एकदम गप्प झाल्या, किंवा एखाद्या झोनमध्ये छेडछाड दिसली, तर लगेच फोन, आणि माणूस जाऊन बघून येईपर्यंत तो प्रसंग बंद झाला असं मानायचं नाही. फोनच हवा, कारण ॲपची सूचना मोबाइलच्या बॅटरी बचतीत रात्रभर अडकून राहते. अशी वाटणी केली की खडबडून उठवणारे प्रसंग मोजके राहतात, आणि ते खरंच उठण्यासारखे असतात.

दुसरा आक्षेप असा की कॅमेरे आहेतच, मग हा खटाटोप कशाला? कॅमेरा पुरावा देतो, पण रात्री दोन वाजता त्याच्याकडे कुणी बघत नसतं. शिवाय तो त्याच राऊटरवर आणि त्याच लाइटवर असतो. कॅमेऱ्यांमुळे राऊटरची जबाबदारी उलट वाढते. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर ताब्यात घेतले, आणि त्यासाठी त्याला साठेक नेहमीची नावं आणि पासवर्ड पुरले, म्हणजे कारखान्यातून आलेले, कुणी न बदललेले. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला त्या फौजेने वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या अमेरिकेतल्या डाइन (Dyn) कंपनीवर हल्ला चढवला आणि अनेक मोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. म्हणून राऊटर, पॅनल आणि डीव्हीआर यांचे पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, आणि ते तंत्रज्ञाच्या डायरीत नको, संस्थेच्या तिजोरीत हवेत. यूपीएनपी आणि डब्ल्यूपीएस बंद करा, राऊटरचं सेटिंग पान बाहेरून उघडणार नाही असं करा. घड्याळ राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसीच्या सर्व्हरशी जुळवा. पोलिसांना किंवा विमा कंपनीला दाखवलेल्या नोंदीत दहा मिनिटांचा फरक निघाला तर त्या नोंदीवर शंका घेतली जाते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत व्यावसायिक संस्थांनी यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपाव्यात असं आहे. राऊटरच्या नोंदी रीस्टार्टला पुसल्या जातात, म्हणून त्या दुसरीकडे साठवा.

हे सगळं काम बसवणाऱ्या कंपनीचं आहे, असं काही जण म्हणतील. करायचं त्यांनीच, पण तपासायचं तुम्ही. हंगामाची आवक सुरू होण्याआधी एक संध्याकाळ ठरवा आणि कुणाला आधी न सांगता चार गोष्टी करा: राऊटरची वायर काढा, मेन स्विच पाडा, एका झोनची तार सोडवा आणि सिम बाहेर काढा. एकेक गोष्ट वेगळी करा, मध्ये दहा मिनिटं जाऊ द्या. शेवटी वायर आणि सिम दोन्ही एकदम काढून बघा. प्रत्येक वेळी कोणाला, कोणत्या मार्गाने, किती मिनिटांनी कळलं ते तारखेसह वहीत लिहा आणि खाली तंत्रज्ञाची सही घ्या. दहा मिनिटांत कुणालाच कळलं नाही अशी एकही ओळ त्या वहीत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत त्या गोदामावर रात्री माणूस ठेवा.